बाबांच्या मंडया

बाबांचं आधार कार्ड हरवलं नव्हतं. ते मी घेतलं होतं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाबा निवृत्त मास्तर. आई गेल्यावर भंडाऱ्यातल्या आमच्या घरी ते दिवसचे दिवस खुर्चीत बसून असत. मग पंचाहत्तरी झाली, आधार कार्ड दाखवलं की एसटीचं तिकीट माफ होऊ लागलं, आणि गेल्या दिवाळीनंतर माणूस एकदम बदलला. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगावी मंडया भरतात, आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडारीचा नाच, जिलबीची दुकानं, पाहुण्यांची गर्दी. बाबा सकाळच्या गाडीने निघायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी. चहा आणि पुडीभर चिवड्यावर दिवस निघायचा त्यांचा.

यात संशय घेण्यासारखं काय, असं बाहेरचा माणूस म्हणेल. पण मंडई म्हणजे नुसती जत्रा नाही. तिथे पोरं-पोरी दुरून दाखवतात, सोयरिकी ठरतात. विधुर माणूस मंडईमागून मंडई करू लागला की लोक गालात हसतात. पानठेल्यावर एकाने विचारलंच,

“काय गा, मास्तर तं साऱ्या मंडया करून राहिले! सोयरिक पाहून राहिले का? नातीसाठी का सोतासाठी?”

मीही हसलो. पण माझ्या मुलीसाठी तेव्हा खरंच स्थळं पाहणं चालू होतं. त्यात आजोबांचंच लग्न निघालं तर?

मग मला सगळंच दिसायला लागलं. कोरलेली मिशी. इस्त्रीचा शर्ट. फोन आला की गच्चीवर जाणं. सानगडीच्या मंडईच्या आदल्या दिवशी त्यांच्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत, जांभळा ब्लाउजपीस निघाला. निघाला म्हणजे काय, मी पिशवी तपासली होती.

“सानगडीले कोण आहे आपलं?” जेवताना मी विचारलं.

“दंडार चांगली राहते तिथची,” बाबा म्हणाले, आणि भात कालवत राहिले.

“फिरून राहिले तं फिरू द्या ना,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “बसून राहिले तं तुम्हीच म्हणता, काहून बसले!”

त्या संध्याकाळी बाबा आंघोळीला गेले असताना मी त्यांच्या पाकिटातून कार्ड काढलं आणि माझ्या ऑफिसच्या एका जुन्या फायलीत ठेवलं. एक मंडई चुकली की प्रकरण थंड होईल, असं वाटलं.

सकाळी बाबा बसस्टँडवरूनच परत आले. तिकीट काढून जाता आलं असतं, पण ते घाबरले होते. “काल सोताच्या हातानं ठेवलं होतं बाबू,” ते सारखं म्हणत होते. गादी उलटली, तांदळाचा डबा पाहिला. मीही त्यांच्यासोबत शोधलं. पलंगाखाली वाकून शोधलं.

आठवड्याने एक म्हातारी लेकीचा हात धरून दारात आली. दवाखान्यासाठी सानगडीहून आल्या होत्या. बाबांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तिथली ही शेजारीण, बाबांची मानलेली बहीण.

“काहून नाही आला गा भाऊ मंडईले? ओवायाचं ताट करून बसली होती मी!”

गाव उठल्यावर सुटलेली भाऊबीज बाबा त्या वर्षी पुन्हा धरणार होते. ती गेल्यावर मी म्हणालो, “मला सांगायचं तरी.”

“तू ठाणेदारासारखा विचारत होता. मंग नाही सांगितलं.”

खरं बोलायची वेळ तीच होती. मी दुसरंच केलं. त्या रात्री कार्ड गुपचूप त्यांच्या स्वेटरच्या खिशात सरकवलं. सापडेल, खूश होतील, मिटेल.

दुसऱ्या दिवशी सापडलं. बाबा कार्ड हातात धरून पलंगाच्या कडेला बसले. “हा खिसा मी तीनदा पाहिला होता,” ते म्हणाले. मग अगदी हळू, “माझं डोकं गेलं बाबू.”

तेव्हापासून ते गॅस पुन्हा पुन्हा पाहतात. घराची किल्ली त्यांनी सुनेकडे देऊन टाकली. वरच्या खिशात आता माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. या वर्षीच्या मंडया सुरू झाल्या आहेत. बायकोने काल त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला, सानगडीची गाडी किती वाजता आहे तेही सांगितलं.

“उतराचं गाव विसरलो तं?” बाबा म्हणाले, आणि शर्ट परत कपाटात ठेवला.

मी समोर पेपर वाचत होतो. बाबा काहीच विसरले नव्हते, कार्ड मी चोरलं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.