तारखेचं जेवण

आंधळगावच्या रेवताबाईंच्या स्वयंपाकघरात, धूर पोचणार नाही अशा भिंतीवर, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असे. मोहाडीचा बियाणेवाला ते फुकट द्यायचा. पानाच्या मधोमध तारखेचा आकडा इतका ठळक की ओसरीवरून दिसावा, आणि त्याच्याखाली तिथी इतकी बारीक की चष्मा लावूनही डोळे किलकिले करावे लागत. घरातली बाकी माणसं खालचं बारीक अक्षर तेवढं वाचत. उपास कधी, अमावस्या कधी, कोणत्या दिवशी नांगर धरायचा नाही, हे त्यातूनच कळायचं. रेवताबाई मात्र वरचा आकडा वाचत.

त्यांचे यजमान केवळराम गावाच्या तलावाचे पाटकरी होते. तलावाचं पाणी पाटाने कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचं, हे ते ठरवत. हे काम करून शत्रू न होणं कठीण, पण त्यांना ते साधलं होतं. एकाहत्तरच्या ऑक्टोबरात, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी सुरू असतानाच त्यांना ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी, दहा तारखेला, ते गेले. मूल एकच, जिजा. ती पुढे कोंढ्याला दिली. घर आणि शेती केवळरामांचे धाकटे भाऊ पुंडलिकराव बघू लागले. त्यांनी वहिनीला कधी काही कमी पडू दिलं नाही. दर वर्षी तिथीला, आश्विन वद्य षष्ठीला, श्राद्धही ते नेमाने करत. पिंड त्यांचा मुलगा ठेवायचा, पंगतीत ओळखीपाळखीचे बसायचे आणि रेवताबाई दिवसभर चुलीपाशी वडे तळायच्या. संध्याकाळी हातपाय धुताना त्यांच्या लक्षात यायचं की ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांची आठवण काढायला आज क्षणाचीही सवड मिळाली नाही.

जिजा सासरी गेल्यावर दुपारी रिकाम्या झाल्या, आणि रेवताबाई लिहायला लागल्या. भंडाऱ्याला मामाकडे राहून त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या, अक्षर चांगलं होतं. पण लिहायचं काय? मग त्यांनी एक रीत बसवली. सकाळी पान फाडायचं आणि चहाला उकळी येईपर्यंत त्या आकड्याकडे बघायचं. या तारखेला आपल्या जन्मात काय झालं? काही आठवलं नाही तर पान चुलीत. आठवलं तर ते साखरेच्या डब्याखाली जायचं आणि दुपारी त्यावर लेख व्हायचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, ऐकीव नाही; आणि शेवटी कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत.

एक जुलैचा लेख असाच झाला. शाळेत नाव घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे, म्हणून गुरुजी सरसकट एक जुलै टाकून मोकळे होत. त्यामुळे अर्धं आंधळगाव एकाच दिवशी जन्मलेलं, आणि केवळरामांचाही कागदावरचा जन्म त्याच दिवशीचा, हे रेवताबाईंनी लिहिलं. ‘त्या दिवशी गावात सुइणी किती असतील, याचा हिशेब मला लागत नाही,’ असं शेवटचं वाक्य होतं. लेख त्यांनी भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाला पाठवला. संपादकांनी तो छापला आणि आणखी मागितले. तेव्हापासून दर आठवड्याला एक पाकीट जाऊ लागलं.

पाकीट पोस्टात टाकायचं काम पुंडलिकरावांनी आपणहून घेतलं होतं. लेख छापून आला की पानठेल्यावर उभं राहून तेच मोठ्याने वाचून दाखवत, आणि कोणी विचारलं नाही तरी ‘आमच्या वैनीनं लिवलं’ म्हणून सांगत.

एक्क्याऐंशी साली दहा वर्षं होत होती. त्या वर्षी दसरा आठ ऑक्टोबरला होता आणि षष्ठी एकोणीस तारखेला. रेवताबाईंनी दसऱ्याच्या आधीच्या अंकासाठी जो लेख पाठवला, त्यात तिथीचं नावही नव्हतं. केवळराम खांद्यावर फावडं टाकून पाटाने कसे जात, पाण्यावरून भांडायला आलेल्या माणसाला आधी जेवायला कसे बसवत, हे त्यात होतं. शेवट असा होता: ‘येत्या दहा तारखेला त्यांना जाऊन दहा वर्षं होतील. ज्यांना त्यांची आठवण आहे त्यांनी त्या दिवशी ती काढावी. मी घरी असेन.’

पुंडलिकरावांनी पाकीट न वाचता टाकलं आणि अंक आला तेव्हा दसऱ्याच्या गडबडीत तो पाहिलाही नाही.

दहा तारखेला, शनिवारी सकाळी, रेवताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पहिल्या एस.टी.ने जिजाचे सासरे सुखरामजी उतरले. डोक्याला स्वच्छ फेटा, हातात नारळ. घरात पाऊल टाकताना त्यांनी चेहरा दुखवट्याला शोभेलसा केला होता. त्यांच्यामागोमाग पाटाच्या शेपटाकडचे, अगदी शेवटच्या टोकाचे शेतकरी आले, मग डोंगरगावचे दोघे, मग सायकलवरून आणखी चौघे. दुपार व्हायच्या आत ओसरीवर वीसेक माणसं बसली. सगळ्यांनी लेख वाचला होता किंवा कोणाकडून वाचून घेतला होता, आणि सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला होता: दहा वर्षांचं मोठं श्राद्ध आहे आणि यंदा आमंत्रण पेपरातून दिलं आहे.

पुंडलिकराव शेतातून परतले ते दारातच थबकले. ओसरीवर व्याही बसलेला, आणि घरात श्राद्धाचा पत्ता नाही. ते मागच्या दाराने तडक स्वयंपाकघरात आले.

“वैनी, हे काय करून ठेवलं? षष्ठी तं एकोणीसले आहे.”

“मी षष्ठी कुठं लिवली? मी दहा तारीख लिवली. आज दहा तारीखच आहे.”

“अवं, लोक जेवाले आले ना. आता याइले काय सांगू, घरी जा म्हणून? इवाई बसला आहे बाहेर.”

रेवताबाईंनी निवडलेल्या तांदळाकडे पाहिलं, मग जावेकडे. बेबीबाई उंबऱ्यात उभी राहून पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. रेवताबाई उठल्या, कोठीतून आणखी तांदूळ काढले आणि मोठा गंज चुलीवर चढवायला सांगितला. आले आहेत ते त्यांच्या आठवणीने आले आहेत, कोणी उपाशी जायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पुंडलिकरावांनी हात टेकले आणि पत्रावळी आणायला गेले.

भात, वरण, आलुवांग्याची भाजी आणि कढी झाली. डाळ भिजवायला वेळ नव्हता, म्हणून वडे नव्हते. पंगत बसली तसे सुखरामजी पत्रावळीवर इकडे तिकडे बघायला लागले. श्राद्धाला वडा नाही, हे त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलंच की कावळ्याचं पान ठेवलं की नाही.

भात वाढणाऱ्या रेवताबाई तिथेच थांबल्या. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती आणि पुंडलिकराव जमिनीकडे.

“आज तारीख आहे, तिथी नाही,” त्या म्हणाल्या. “कावळ्याचं आज काही काम नाही. तुमी जेवून घ्या, आणि जेवता जेवता त्याइची एखादी गोष्ट सांगा. त्यासाठीच लिवलं होतं मी.”

मग पाटाच्या शेपटाकडचा इतवारी, ज्याच्या बांधीपर्यंत पाणी पोचायचं तेव्हा निम्मं वाटेतच मुरलेलं असायचं, तो बोलायला लागला. एका दुष्काळी साली केवळरामांनी क्रम उलटा केला होता. पहिलं पाणी शेपटाला, शेवटचं तलावालगतच्या बांध्यांना. आणि तलावालगत बांध्या कोणाच्या, तर त्यांच्याच घरच्या.

“आमचे धान पोटरीत आले,” इतवारी म्हणाला, “अन् पुंडलिकराव पाटावर उभे राहून सख्ख्या भावाले शिव्या देऊन राहिले होते. खोटं असन तं सांगा.”

पंगत हसली. पुंडलिकरावही कढी वाढताना हसले, पण कान लाल झाले होते. त्यानंतर एकेकाने सांगायला सुरुवात केली. जेवणं उरकली तरी कोणी उठेना. हात पत्रावळीवरच वाळले. रेवताबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या या माणसाबद्दल दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होत्या. त्यांना माहीत नसलेल्याही दोन गोष्टी त्यात निघाल्या.

संध्याकाळच्या गाडीने व्याही गेले आणि पुंडलिकराव ओसरीवर येऊन बसले. घराची शोभा झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. वड्याविना व्याह्याला जेवू घातलं, ही गोष्ट कोंढ्यात वर्षभर पुरेल. पुढच्या अंकात चूक कबूल करून खरी तिथी छापायची, नाही तर हे लिहिणं बंद.

“चूक कोणती?” रेवताबाईंनी विचारलं.

“तिथी सोडून तारीख धरली हेच.”

रेवताबाईंनी पदर सारखा केला. धाकट्या दिराशी त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. “भाऊजी, तिथी तुमची आहे. दहा वर्षं तुमी ती पाळली, मी चुलीपुढून उठली नाही, तोंडातून शब्द काढला नाही. पन ते गेले तवा मी भिंतीवर आकडा पाह्यला होता. तो माझा आहे. तो मी लिवणार.”

“मंग पाकीट टाकाले या घरातून कोणी जाणार नाही.”

त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी आंधळगावच्या लोकांनी एक नवीनच पाहिलं. रेवताबाई पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन, हातात पाकीट धरून, बाजारातून सरळ पोस्टाकडे निघाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या देवळापलीकडे एकट्या गेल्या नव्हत्या. पानठेल्यापाशी पुंडलिकराव उभे होते. ठेलेवाल्याने विचारलं की आज तुम्ही कसे इथे आणि बाई कशा तिथे. पुंडलिकरावांनी चुना जास्त झाला म्हणून त्याच्यावरच राग काढला. रेवताबाईंनी पाकीट पेटीत टाकलं, आतपर्यंत गेलं की नाही हे बोट घालून पाहिलं आणि आल्या वाटेने परतल्या. पुढच्या सोमवारी श्राद्धाचा स्वयंपाक आटोपूनही त्या गेल्या. नंतर कोणी वळून बघायचंही सोडलं.

एकोणीस तारखेचं श्राद्ध नेमाप्रमाणे झालं. वडे भरपूर होते, कावळ्याने पानही लवकर उचललं. पंगतीला मात्र भटजी, घरची माणसं आणि शेजारचे दोघे. पुंडलिकराव दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. माणसं कुठे अडकली म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा बेबीबाईने वडे झाकत सांगितलं, “जेवून गेले ना ते मागच्या शनवारी. एका मानसाचं दोनदा कोण जेवते?”

लेख चालूच राहिले. पुंडलिकराव ते वाचत होते की नाही, हे रेवताबाईंनी विचारलं नाही. पानठेल्यावर वाचून दाखवणं मात्र बंद झालं होतं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबर लागला. हलकं धान कापायला आलं होतं. एका सकाळी रेवताबाई नुकतंच फाडलेलं पान हातात धरून चहाकडे बघत बसल्या होत्या, तेव्हा पुंडलिकराव दारात आले. बराच वेळ त्यांनी दाराची कडी उगाच वरखाली केली.

“इतवारी भेटला काल,” ते म्हणाले. “ते सारे येनारच आहेत म्हणे दहाले. पेपरात असो का नसो.”

“येऊ द्या.”

“अन् इवाई बी.” त्यांनी कडी पुन्हा वर केली. “मंग तारखेले तांदूळ किती काढाचे, वैनी? डाळ तं आदल्या दिवशीच भिजवा लागन.”

रेवताबाईंनी चहा उतरवला. तांदूळ किती पायल्या लागतील, ते सांगितलं. वड्यांची गरज नाही, भाजी दोन प्रकारची करू, असं म्हणाल्या. आणि एक अट घातली: त्या दिवशी चुलीपाशी बेबीबाई आणि शेजारणी बसतील, वाढायला पुंडलिकरावांनी उभं राहायचं, आणि रेवताबाई ओसरीवर माणसांमध्ये बसतील.

पुंडलिकरावांनी कडी सोडली. गंज शेजाऱ्याकडे आहे, तो आजच सांगून ठेवतो म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.