तिचं नाव, मंग रेघ

आमच्या गावचा पटवारी एकच गोष्ट तीनदा विचारते अन् उत्तर ऐकताना आढ्याकडे पाहते. असेंब्लीच्या निवडणुकीची यादी करायले आला, तवा माही बायको त्याले म्हणाली, "माह्यं नाव लिवा, भाऊ." यानं माह्यं नाव लिहून पुढं 'याची बायको' एवढंच लिहिलं.

ती वारल्यावर तो नाव कमी करायले आला.

"वारली? नक्की? वारली ना?"

"वारली हो! पण खोडता काय? नाव हाय कुठं? आधी सरस्वती लिवा, मंग खोडा."

"बाबा, यादी बुलढाण्याले धाडायची हाय."

मी यादीवर हात ठेवला.

कपाळ बडवत त्यानं नाव लिहिलं. शाई वाळेस्तोवर फुंकत बसला. मंग रेघ मारली, इतकी बारीक का मलेबी नाव वाचता आलं.