आधी पाहू द्या

कॉम्प्युटरवरचं काही पुसायची वेळ आली की तो दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचा. म्हणायचा, "थांबा जी, आधी पाहू द्या." तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याचा चहा नेहमी निवलेला असतो.

यवतमाळच्या आमच्या लहानशा संस्थेत आम्ही कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, जुनी गाणी जमवत होतो. मी सचिव. तो गाणी रेकॉर्ड करून आणायचा आणि ती साठवलेला कॉम्प्युटर सांभाळायचा. त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. "फुकटचं म्हणून घेतलं ना?" मी चिडवायचो. "फुकटचं आहे, पन सांगते खरं, काका," तो म्हणायचा.

रोज रात्री त्या दिवशीच्या नव्या गाण्यांचा बॅकअप आपोआप बाहेरच्या डिस्कवर जायचा. नातीच्या लग्नाचे फोटो भरायला मी ती डिस्क कुणाला न विचारता घरी नेली आणि आठवड्याने गुपचूप परत लावली. नेमक्या त्याच आठवड्यात तो राळेगावकडच्या एका कोलाम म्हातारीची गाणी भरून आणत होता. डिस्क जागेवर नव्हती, म्हणून बॅकअप मशीनमध्येच, त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात साचत गेला. मशीन गच्च भरलं. डिस्क परत लागली तेव्हा ते फोल्डर तिच्याखाली झाकलं जाऊन दिसेनासं झालं. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

"सगळे फोल्डर मोजले, काका. अर्धं मशीनबी भरत नाही. मंग जागा खाल्ली कोनं?" तो हैराण झाला होता. "बाहेरची डिस्क कोनी काढली होती काय?"

"कोण काढते? जिथल्या तिथं आहे."

अध्यक्ष वैतागले. बॅकअप आहे ना, मग मशीन फॉरमॅट करा, म्हणाले. त्याचे हात मांडीवर गेले. "आधी डिस्क पाहू द्या."

डिस्कवर माझे फोटो तसेच होते. "कायले पाहतं?" मी म्हणालो. "मी सांगून राह्यलो ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हनता तं झालं."

त्याने मशीन कोरं केलं. मग डिस्क उघडली. त्या आठवड्याचं एकही गाणं तिच्यात नव्हतं.

म्हातारी तोवर वारली होती. काही दिवसांनी तिची मुलगी मायचा आवाज ऐकायला एसटीने आली. तो तिच्यासमोर मांडीवर हात ठेवून बसला. "माह्या हातून पुसल्या गेलं, बाई," एवढंच म्हणाला. मी शेजारच्या टेबलावर होतो. मी मान वर केली नाही.

त्याने काम सोडलं. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. संस्थेत आजही म्हणतात, गाणी त्याने घालवली. ती मी घालवली. हे ऐकायला आता ना तो आहे, ना ती म्हातारी.

तो काम सोडून गेल्यावर मी एकदा फोटो काढून घ्यायला ती डिस्क उघडली होती. गाणी शोधताना त्याने एकूण एक फोल्डर पाहिलं असणार. लग्नाचा एकही फोटो पुसलेला नव्हता.