मैनाने मागितलेली बरोबरी

संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा बघताना कर्णिककाका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. "हाताला अक्कल फुटली की नियम मोडतो," म्हणत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर राजधानीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये त्यांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम एकट्याने लिहिला. नाव ठेवलं मैना. काकू म्हणायच्या, "सवत आणलीये घरात."

अशा स्पर्धेत प्रोग्रॅमच्या चाली पटावर मांडायला माणूस लागतो. त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बरोबरीसुद्धा प्रोग्रॅमने मागितली तरच मागायची, आणि मागितली तर मागायचीच. काकांचे हात थरथरायला लागल्यावर हे काम माझ्याकडे आलं, कारण मी शेजारचा आणि आयटीतला. "आपण हमाल, बिल्कुल हमाल," ते मला बजावत. "गाठोडं उचलायचं, सोडून बघायचं नाही."

करोल बागेतल्या हॉलमध्ये शेवटचा डाव होता. काका मागच्या रांगेत, हात मांड्यांखाली. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, म्हणजे नियमाने बरोबरी मागता येत होती, आणि मैनाने पडद्यावर ती मागितली. बरोबरीने आमचा दुसरा नंबर आला असता, जिंकलो तर पहिला. मला आमची बाजू वरचढ वाटत होती. मी ती सूचना गुपचूप बंद केली आणि डाव पुढे नेला. मैना हरली.

बाहेर येताना काकांनी विचारलं, "तिने बरोबरी मागितली नाही का रे?"

"नाही, काका."

"अच्छा. मग चूक माझीच."

पुढचे चार महिने ते ती चूक शोधत होते. रोज संध्याकाळी मला बोलावत. "घरी तोच डाव लावला की बरोबर मागते बघ. तिथेच कशी गप्प बसली?" मी पडद्याकडे बघत चहा पीत असे. एकदा धीर करून म्हटलं, "काका, माझ्याच हातून काही झालं असेल."

ते हसले. "माणसावर ढकलणं सोपं असतं. चूक आधी आपल्या लिखाणात शोधावी." मीही पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं.

थंडीत काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी त्यांचा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. "शेवटपर्यंत तेच घोकत होते. तेवढी चूक तू शोध बाबा. त्यांचा तुझ्यावर फार भरवसा होता."

मी म्हटलं, "हो, काकू."