भीमेकाठची चालायची सोय

आमच्या साइटवर खडी कधी वेळेवर आली नाही, सिमेंट आलं नाही, पण किस्से मात्र रोज डंपर भरून उतरायचे! दौंडला भीमेच्या काठानं चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी ट्रॅक करायचं काम होतं. मी तिथली सुपरवायझर. सकाळी केडगावहून गाडी पकडायची, दौंडला उतरायचं आणि दिवसभर शहाण्या माणसांचा कारभार बघायचा. परतीच्या गाडीत मैत्रिणी माझी जागा धरून वाटच बघत असायच्या. "काय गं, आज काय झालं?" काही झालं नाही, असा दिवस मला तरी आठवत नाही.

माणसं तशी मोजकीच. डिझाइन करणारे कन्सल्टंट पुण्याचे. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. सर नदीला नदी म्हणत नसत, 'वॉटरफ्रंट' म्हणत. ठेकेदार आप्पा इथलेच. सर काहीही बोलोत, आप्पांचं उत्तर तयार, "व्हय सर!" आणि ज्या खात्याचं काम, तिथले मोठे साहेब. त्यांना आम्ही बहुतेक वेळा गाडीच्या काचेतूनच पाहिलं.

*

सुरुवातीला गावकऱ्यांचं मत घ्यायची मीटिंग झाली. मत घ्यायचं म्हणजे त्यांना बसवून ठेवायचं आणि आपण बोलायचं! सरांनी पडद्यावर चित्रं लावली. निळंशार पाणी, हिरवळ, पळणारी गोरीगोमटी जोडपी आणि त्यांच्या पुढं एक केसाळ कुत्रं.

पहिल्या रांगेत एक आबा होते, नदीलगत मळा असलेले. ते मान पुढं काढून बघत राहिले.

"ही नदी कुठली म्हणायची?"

"आबा, ही आपलीच. काम झाल्यावर अशी दिसेल."

आबांनी पुन्हा नीट पाहिलं. "नदीचं समजलं. पण ही माणसं कुठनं आणणार?"

"गुड क्वेश्चन!" सर म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

*

मग आले बाक. आप्पांच्या माणसांनी ओळीनं बसवले, सगळे नदीकडं पाठ करून! बाकावर टेकलं की समोर काय? शौचालयाची भिंत.

"अहो आप्पा, उलटे बसवलेत!"

"न्हाई मॅडम, ड्रॉइंगवर असंच हाय."

बघते तर खरंच तसंच. मी सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, बाकावर बसलं की नदीच दिसत नाही."

"ते मुद्दाम आहे, मॅडम. सध्या नदीत जलपर्णी आहे, वासही येतो. युजर डिस्टर्ब होतो."

नदी बघायला म्हणून ट्रॅक, आणि त्यात डिस्टर्ब करते कोण, तर नदी! बाक अजून तसेच आहेत. येऊन बसा कधीतरी, भिंत छान दिसते.

*

मोठे साहेब पाहणीला यायचे होते. आम्ही आदल्या दिवशीच पेव्हर ब्लॉक बसवलेले, अजून नीट दबलेही नव्हते. साहेब तोंडाशीच उतरतील म्हणून आप्पा हार घेऊन उभे.

गाडी आली. थांबलीच नाही. सरळ ट्रॅकवर चढली! पुढं गाडी आणि मागं हार घेऊन पळणारे आप्पा. चालायच्या ट्रॅकवर त्या दिवशी पाय पडले ते एकट्या आप्पांचे.

दुसऱ्या टोकाला गाडी थांबली. काच खाली आली. साहेबांनी मागं वळून पाहिलं. चाकं गेली तिथं ब्लॉक खचलेले, काही उचकटलेले.

"अहो, ही काय क्वालिटी? उद्या माणसं चालली तर काय होईल?"

काच वर गेली. आप्पांनी हार गाडीच्या बाहेरच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, "व्हय सर!"

*

मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून सरांनी तोंडाशी लोखंडी पाइपांचं वळणावळणाचं गेट दिलं. बसवल्याबरोबर एक दूधवाला आला, मोटारसायकल जरा तिरकी केली आणि कॅनसकट आरामात आत गेला. मग आम्ही सायकल घालून पाहिली. हँडल अडकलं ते अडकलंच! शेवटी दोघांनी मिळून सायकल उपटून बाहेर काढली.

सर तिथंच होते. म्हणाले, "सायकलवाल्यानं उतरावं, सायकल उचलावी. फिटनेसचाच भाग आहे तो."

*

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी सायकल चालवून ट्रॅक सुरू करायचा, असं ठरलेलं. ऐन वेळी कळलं, पाहुण्यांना सायकल येत नाही! पळापळ झाली. आप्पांनी सायकल स्टँडवर चढवली, दोघं धरायला उभे केले. पाहुणे वर बसले. मागचं चाक हवेत गरगर फिरतंय, पाहुणे घामाघूम, लोक टाळ्या वाजवताहेत.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, जरा हळू! फोटोवाला मागं राहील!"

*

इथपर्यंत हसायला ठीक होतं. पुढचं मला हसवेना.

ट्रॅक केला ती जागा काही मोकळी पडलेली नव्हती. माळ्यांच्या मळ्यांतून स्टेशनकडं जाणारी जुनी पायवाट होती ती. बायका फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन त्याच वाटेनं पुण्याच्या गाडीला जायच्या. आता तिथं ओझं घेऊन यायला बंदी. का, तर लुक बिघडतो! बाहेरून जायचं तर केवढा वळसा, आणि गाडी चुकली की त्या दिवसाचा माल मातीत.

मी सरांशी भांडले. "सर, त्यांची वाट आहे ती."

"मॅडम, अशी कुठलीही वाट प्लॅनवर नाही."

पुन्हा बोलायला गेले, तर सरांनी माझा फोन उचलणंच बंद केलं.

गेटवर वॉचमन ठेवला, भांडगावचा सदाशिव. आधी कंपनीत सिक्युरिटीला होता. सांगितलेला शब्द न् शब्द पाळणारा. त्याला हुकूम होता, चालायला आलेल्यांना सोडायचं, ये-जा करणाऱ्यांना नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी साइटवर पोचते, तर गेटवर चंद्राबाई. साठीच्या बाई, डोक्यावर झेंडूची गच्च भरलेली पाटी. वर्षातला झेंडूचा हाच तर दिवस! पुण्याची गाडी यायची वेळ झालेली.

"कुठं चाललाय, मावशी?" सदाशिवनं काठी आडवी धरली.

"बघ, तूच म्हणालास, चाललाय. मग सोड की!"

"तसं न्हाई. हा ट्रॅक चालायचा हाय."

"मग मी काय उडतीय व्हय?"

सदाशिवनं आत बोट दाखवलं. दोन रिटायर्ड काका पांढरे बूट घालून हात झुलवत होते. "त्ये बघा, त्ये चालत्यात. तुम्ही चालत न्हाई मावशी, तुम्ही जाताय."

माझं डोकं सणकलं. मी पुढं झाले, पण चंद्राबाईंनी मला हातानंच थांबवलं. पाटी खाली उतरवली, सदाशिवची टोपी नीट केली आणि पाटी त्याच्या डोक्यावर ठेवून दिली!

"बरं. आता मी चालती. तू जा."

"आवं मावशी, आन् ह्ये कुठं न्यायचं?"

"ठेसनावर. गाडी आली बघ, पळ!"

चंद्राबाई दोन्ही हात झुलवत, काकांना मागं टाकत, झपाझप ट्रॅकवरून निघाल्या. गाडी मिळाली त्यांना, फुलंही मिळाली, ते आधीच सांगते. कारण सदाशिव खरंच पळाला. दोन्ही हातांनी पाटी धरून, गळ्यातली शिट्टी हलवत, झेंडू सांडत पळाला. पण ट्रॅकवरून नाही, बाहेरच्या वळशानं!

मी ओरडले, "अहो सदाशिवभाऊ, तिकडनं कुठं? ट्रॅकवरनं जा ना!"

तो धापा टाकत म्हणाला, "न्हाई मॅडम! मी चालत न्हाई, मी जातोय!"