पंचफुलाच्या काठाचा रंग

बळीराम ढोकेला जगातली प्रत्येक बातमी पंधरा दिवस उशिरा कळायची आणि ती तो आम्हाला ताजी म्हणून सांगायचा. दोष त्याचा नव्हता. नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात तो शिपाई होता आणि झाडं वाळवणं हे त्याचं काम. रानातून आणलेल्या फांद्या रद्दीच्या वर्तमानपत्रांत दाबायच्या, दाबता दाबता त्यातल्या बातम्या वाचायच्या, रोज ओलसर कागद काढून कोरडे घालायचे, वाळल्या की जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावायची. बावीस वर्षांत त्याने हजारो चिठ्ठ्या लावल्या. त्यांवर झाडाचं नाव, गावाचं नाव, सरांचं नाव. बळीरामचं कुठेच नाही. हे त्याला लागायचं. मी तिथे संशोधन करत होते, म्हणून मला ठाऊक.

१९७४ साली आमचे वामनराव सर त्याला अंदमानला घेऊन गेले. बोटीवर तीन दिवस दोघंही ओकत होते, पण परत आल्यावर प्रत्येकाने फक्त दुसऱ्याचंच सांगितलं. एका बेटावर उंच झाडाच्या ढोलीपाशी बळीरामला एक ऑर्किड दिसलं. सर खाली बसून बुटातल्या जळवा काढत होते. हा सावनेरकडचा गडी, चिंचेवर चढावं तसा चढला आणि तीन फुलांची दांडी घेऊन उतरला. ती पाहिल्यावर सर जळवा विसरले. असलं ऑर्किड त्यांनी कोणत्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. दोन दिवस शोधूनही दुसरं रोप मिळालं नाही.

"बळीराम, हे खरंच नवं निघालं, तर याला तुझं नाव देईन," सर म्हणाले.

वही पावसात भिजलेली. म्हणून फुलाचा रंग, वास, मापं, सगळं सरांनी त्या दांडीखालच्या वर्तमानपत्राच्या समासात शाईने लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बळीरामने बावीस वर्षं केलं तेच केलं. ओला कागद काढला, कोरडा घातला.

नागपूरला येऊन सर वर्णन लिहायला बसले तेव्हा फूल वाळून चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. "तो समासाचा कागद आण," सर म्हणाले. बळीराम जागचा हलेना.

"सर, ओले कागद म्या वाळवून घरी नेले जी. माह्या बायकोले, पंचफुलाले, कुरडया बांधाले लागते."

"मग त्या कुरडया कुठे आहेत?"

"सावनेरले. तिच्या बहिणीकडे गेल्या."

सरांचा असा पारा मी कधी चढलेला पाहिला नव्हता. "रंगाशिवाय वर्णन अर्धवट. अर्धवट मी छापत नसतो. तू नाव विसर!"

रविवारी, मे महिन्याच्या उन्हात, बळीराम सायकल हाणत सावनेरला पोचला. मेव्हणी प्रयागबाईने तो कागद फडताळात अंथरून वर लोणच्याची बरणी ठेवली होती.

"एवढ्या उन्हाचे रद्दी न्याले आले भाऊजी?" ती म्हणाली. "पहिले दुसरा कागद आणा, मंग हा काढतो."

त्याने बाजारातून वर्तमानपत्र विकत आणलं. त्या दिवशी बळीरामने आयुष्यात पहिल्यांदा आजची बातमी आजच वाचली. समासातला वास शाबूत होता, मापं शाबूत होती. रंगाच्या जागी मात्र बरणीतला खार पाझरून शाईचा डाग झाला होता.

सरांना 'लालसर' यापलीकडे काही आठवेना. त्यांनी रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक बळीरामपुढे ठेवलं. त्याने ते तीनदा चाळलं. "हा नाही. हाही नाही." मग म्हणाला, "सर, पंचफुलाच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. झाडावर असतानाच मनात आलं होतं."

"तो धुऊन विटला असेल."

"वीस वर्षांत चारदा नेसली जी."

दुसऱ्या दिवशी पंचफुला ते लुगडं नेसून विभागात आली. सर भिंग घेऊन काठावर वाकले. ती दोन पावलं मागे सरली, सर दोन पावलं पुढे.

"काय पाहून राहिले जी हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"चूप राय वं. फूल पाहून राहिले."

ती अशी काही लाजली की मी तोंड फिरवून हसून घेतलं. रंग पुस्तकातच होता. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, तीही बळीरामच्याच खळीने, आणि तो नेमका त्यांच्या मध्ये होता.

पुढच्या वर्षी वर्णन छापून आलं. मूळ नमुन्याची चिठ्ठी सरांनी बळीरामच्या हाती दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. ऑर्किडच्या नावापुढे 'बळीरामी' होतं.

"पुन्हा वाचा ताई."

मी तीनदा वाचलं. "आता बोट ठेवून दाखवा, मी कोणता हाओ," तो म्हणाला. मी बोट ठेवलं.

एरवी तो पट्टी ठेवून, मोजून चिठ्ठी लावायचा. ही सरळसरळ वाकडी लागली.

"वाकडी झाली रे," सर म्हणाले. "काढून नीट लाव."

"नाही जी," बळीराम चिठ्ठीवर हात दाबून म्हणाला, "आता निंगत नाही. पक्की चिकटली."

खळ अजून ओलीच होती. सरांनी नमुन्यांचं कपाट उघडून दिलं.