माख्रीच्या वळणावर

लॉर्ना पोलॉकच्या पायाला भिंगरी आहे, हे सॉल्टकोट्समध्ये कुणालाही विचारा. एकतीस वर्षं तिनं या गावात टपाल वाटलं, आणि पत्र दारातून आत पडायच्या आधी ही बाई पुढच्या फाटकाशी पोचलेली असायची. नवरा बिचारा वीस वर्षं टिकला. जाताना एवढंच म्हणाला की तुझ्यासमोर जेवायला बसलं की आपली बस चुकणार असं सारखं वाटत राहतं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, कारण तेवढ्यात तिला सायकलच्या साखळीला तेल घालायचं होतं. आता वय चौसष्ट, गुडघे ठणठणीत, आणि बूड अजूनही कुठे टेकत नाही.

आमच्या गुरुवारच्या सायकलवाल्यांत ती आली ती निवृत्त झाल्यावर आठच दिवसांनी. सगळे निवृत्त, सगळ्यांना वेळच वेळ, आणि ही एकटीच घाईत. चहाला थांबलो की हिचा स्कोन उभ्याउभ्याच संपायचा आणि ही बाहेर जाऊन सायकलभोवती येरझाऱ्या घालायची.

तिच्याशी कुणाचं जमलं असेल तर एफी बेअर्डचं. ही एफी म्हणजे हिच्या बरोबर उलट. दातांच्या दवाखान्यात दारापाशी बसून तिचं आयुष्य लोकांना "बसा, बोलावतील" म्हणण्यात गेलं. सायकल चालवते तीही विणकाम करावं तशी, एकेक टाका. गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण. त्यामुळे सगळ्यांच्या मागे राहायचं काम आपोआपच तिच्याकडे आलं. लॉर्नाला दटावायचा हक्कही तिचाच होता. "बये, बूड टेक," असं ती म्हणाली की लॉर्ना चक्क दोन मिनिटं बसायची.

आता आमचा नियम सांगितला पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं. पुढे असतो टॅम. कुठल्या रस्त्यानं जायचं हे तो वारा बघून ठरवतो, त्यामुळे पाच मिनिटं आधी त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. वळण आलं की तो बोटानं जमीन दाखवतो. त्याच्या पाठोपाठ जो असेल त्यानं तिथे उतरायचं, उभं राहायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता दाखवायचा. सगळ्यात शेवटी नारिंगी बंडी घातलेला माणूस येतो. ती बंडी पुढे गेली की मगच वळण सोडायचं. पाऊस येवो, गारा पडोत, बंडी दिसल्याशिवाय हलायचं नाही. बाकी आमच्यात कुणी कुणाचं ऐकत नाही, पण हे सगळे पाळतात.

दोन वर्षांपूर्वी आयला बेटावर लॉर्नानं वळण सोडलं.

तिथे बंदराकडे जायला दोन रस्ते आहेत, एक सरळ सपाट आणि दुसरा माळावरून जाणारा, ओसाड. टॅमनं सपाट रस्ता धरला आणि बोट दाखवलं. लॉर्ना उतरली. सगळे गेले, एफी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वारं बोचत होतं, पाय शिवशिवत होते, पुढच्या लोकांच्या पाठी दिसेनाशा झाल्या होत्या. बाराव्या मिनिटाला लॉर्ना सायकलवर बसली. एफीला काय, सगळे रस्ते पाठ आहेत, असं मनाशी म्हणाली आणि सुटली.

एफी चाकात हवा भरत मागे थांबली होती. ती वळणावर आली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. कुणी उभं नाही म्हणजे हे वळणच नव्हे असं तिनं धरलं आणि ती सरळ माळावर गेली. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी जाळी असते, ती पावसानं ओली होती. तिथे चाक घसरलं आणि एफीचं खांद्याचं हाड मोडलं.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे, आणि ती आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं लॉर्ना धरून होती. बंदरावर टॅमनं डोकी मोजली आणि विचारलं, एफी कुठाय? लॉर्ना म्हणाली, ती कधीच गेली की पुढे. मी बुटाची नाडी बांधत होते, बंडी जाताना बघितली. असं ती बोलून गेली, का ते तिलाही कळलं नाही, आणि तोंडातून गेलेलं परत घेता येईना. मग सगळे एफीला गावात शोधत बसले, मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानात, चर्चच्या मागे, स्वच्छतागृहात. माळाकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी एका मेंढपाळाला ती सापडली.

लॉर्नाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त त्यानंतर टॅमच्या मागे दुसऱ्या नंबरावर ती आली की कुणीतरी हळूच पुढे घुसायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे सगळ्यांनी मनात धरलं होतं. एफी यंदा एप्रिलमध्ये परत आली, आणि लॉर्नाशी गोड बोलायला लागली. "कशी आहेस", "छान दिसतेस", "हो का, वा वा." दटावणं बंद. लॉर्नाला ते गोड बोलणं शिवीपेक्षा लागलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. एफी काही विचारत नव्हती आणि हिला सांगायचा धीर होत नव्हता.

मेमधल्या एका गुरुवारी आम्ही अ‍ॅरन बेटावर निघालो, तेरा जण. सायकली बोटीच्या पोटात कठड्याला दोरीनं बांधल्या आणि वर जाऊन सॉसेजचे रोल खाल्ले. गेली सहा वर्षं त्या दोघींचं ठरत होतं की एकदा बारा नावाच्या बेटापासून निघायचं, बेटामागून बेट करत लुईसच्या वरच्या टोकापर्यंत, दहा दिवस, एका तंबूत. लॉर्नानं नकाशे आणून ठेवले होते. अपघातानंतर तो विषयच निघाला नव्हता. त्या दिवशी तिनं मनाचा हिय्या केला आणि एफीच्या समोर बसून विचारलं, सप्टेंबरमध्ये येतेस का?

एफीनं हातातल्या विणकामाची ओळ संपवली.

"परत जाताना सांगते," ती म्हणाली.

एवढ्यावर लॉर्नाला दिवस काढायचा होता. उत्तरेची चढण ती अशी चढली की जणू वर कुणी नावं लिहून घेतंय. लॉक्रान्झाला सगळे सूप पीत बसले, ही किल्ल्याला दोन चकरा मारून आली. मग पश्चिमेचा किनारा लागला, समोरून वारा, आणि माख्रीपाशी टॅमनं मान वर करून वारा हुंगला. सरळ गेलं तर दक्षिणेच्या टेकड्या. डावीकडे वळलं तर डोंगर ओलांडून थेट ब्रॉडिकचं बंदर, पावणेसातची शेवटची बोट. लॉर्ना दुसरी होती. कुणी पुढे घुसलं नाही याचं तिला नवल वाटलं. टॅमनं मागे वळून तिच्याकडे नीट बघितलं आणि बोटानं जमीन दाखवली.

दोन वर्षांनी वळण मिळालं होतं. ती उतरली, सायकल कुंपणाला टेकवली आणि चौकीदारासारखी ताठ उभी राहिली. सव्वाचार वाजले होते.

दहावा माणूस साडेचारला गेला. जाताना म्हणाला, एफी येतेय मागून, दिसत होती. मग रस्ता रिकामा झाला.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. पुढची पंधरा तिनं कुंपणाचे खांब मोजले, मग मेंढ्या, मग परत खांब. सायकलचे ब्रेक तपासले. ते चांगले होते तरी सैल करून परत आवळले. फोनला रेंज नव्हती. ती शंभर पावलं किनाऱ्याकडे गेली, दचकली आणि पळत परत आली, कारण तेवढ्यात बंडी निघून गेली तर? मग स्वतःवरच चिडली. एक रस्ता, एक बाई, ती उडून थोडीच जाणार होती.

पाचला तिला धास्ती वाटली. पडली असेल. पुन्हा तोच खांदा. उत्तरेकडून एक म्हातारं जोडपं गाडीनं आलं, त्यांना तिनं हात करून थांबवलं. होय, दिसली की, बाई म्हणाली. मैलभर मागे समुद्राकाठी बाकावर बसलीय, नारिंगी घातलेली. आम्हाला हात केला तिनं, मजेत आहे अगदी.

धास्ती गेली आणि तिच्या जागी संताप आला. बसलीय! मजेत! एखादं बदक बघत असणार दुर्बिणीतून, आणि इथे माझ्या जिवाची घालमेल चाललीय. लॉर्ना रस्त्यावर येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलायला लागली, आणि मेंढ्या तिच्याकडे बघायला लागल्या. एफी धडधाकट आहे. तिला रस्ता माहीत आहे. चाळीस वेळा आलीय या बेटावर. मग मी कुणासाठी उभी आहे? हा प्रश्न तिनं विचारला आणि तिच्या येरझाऱ्या थांबल्या, कारण आयलाच्या वळणावर बाराव्या मिनिटाला ती अगदी हेच म्हणाली होती.

पावणेसहाला दक्षिणेकडून टपालाची लाल गाडी आली आणि वळणावर थांबली. चालवणारी बाई पन्नाशीची, लॉर्ना नोकरीत असताना होता तोच पिशवीचा पट्टा खांद्याला, हाताला तेच शाईचे डाग. लॉर्नाला बघून तिनं काच खाली केली. शेवटच्या बोटीला ना? आता डोंगर चढून नाही पोचणार बाई. टाका सायकल मागे, वीस मिनिटांत सोडते.

लॉर्नाचा हात सायकलवर गेला. तिला अंघोळ हवी होती, कोरडे मोजे हवे होते, इथून हलणं हवं होतं. हलणं तर इतकं हवं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"मी वळणावर आहे," ती म्हणाली.

टपालवालीनं इंजिन बंद केलं. मग म्हणाली, कुणाची वाट बघताय?

"मागच्या बाईची."

गाडी डोंगराकडे गेली. लॉर्ना पहिल्यांदाच कुंपणाखालच्या गवतावर बसली. बोट गेली होती, म्हणजे जायची होती, पण तिच्यापुरती गेलीच होती. आता घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पाय हलतच होते, म्हणून तिनं दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले. बंडी आली की काय बोलायचं ते ती जुळवत होती, आणि निम्म्या तर शिव्याच होत्या.

सहाला रस्त्याच्या टोकाशी नारिंगी ठिपका दिसला. तो आपल्या चालीनं आला, एकेक टाका. एफी उतरली. तिच्या सायकलला काही झालेलं नव्हतं. अंगावर थेंबभर चिखल नव्हता.

लॉर्ना उठली, तोंड उघडलं, आणि जुळवलेलं सगळं विसरली.

"बंडी दिसली नव्हती मला," ती म्हणाली. "आयलाला. नाडीबिडी काही नव्हती. मी तशीच निघाले, आणि टॅमला खोटं सांगितलं. म्हणून तुला कुणी शोधायला आलं नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"टॅमनं नाडीचं सांगितलं तेव्हाच. तुझ्या बुटांना नाड्या नाहीत, लॉर्ना. पट्टे आहेत. आपली ओळख झाल्यापासून तेच बूट घालतेस."

लॉर्नानं खाली बघितलं. पट्टेच होते.

मग लॉर्नाला बाकाची आठवण झाली आणि ती उसळली. तू तिथे बसून काय करत होतीस, दीड तास? माझी बोट गेली, तुझी बोट गेली!

"मी त्या जाळीवर दीड तास पडले होते," एफी म्हणाली. "तेवढाच वेळ बसले. दुर्बिणीतून दिसत होतीस. दहा-बारा मिनिटं झाली तेव्हा मी थर्मास बंद करायला घेतला होता. म्हटलं, आता ही जाते."

लॉर्नाला रडू फुटलं. रडताना सुद्धा ती उभ्या जागी पाय बदलत होती. एफीनं थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून तिला दिला. तो गार झाला होता. लॉर्नानं तो एका घोटात संपवला, आणि एफी म्हणाली, "बये, जरा चव तरी घे."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती बये म्हणाली होती.

टॅमला सकाळीच सांगितलं होतं, एफी म्हणाली, त्यामुळे कुणी काळजी करत नसेल. ब्रॉडिकला झोपायची सोय आहे. दोन खाटा सांगून ठेवल्यात. एकीचे पैसे फुकट जाणार असं धरूनच चालले होते.

मग तिनं अंगातली बंडी काढली आणि लॉर्नाच्या हातात दिली.

"घाल. डोंगरावर मी पुढे, तू मागे. आणि सप्टेंबरमध्ये दहाही दिवस तूच मागे."

ती सायकलवर बसली आणि निघाली. चढण पाच मैलांची, आणि एफी इतकी हळू चढत होती की कुंपणापलीकडची एक मेंढी चरता चरता त्यांच्या पुढे गेली. नारिंगी बंडी लॉर्नाला खांद्यांत घट्ट होत होती. पुढे घुसायला रस्ता मोकळा होता. तिनं ब्रेक दाबला.